साठ पावलं

३ डिसेंबर

पोहोचले एकदाची. दोन गाड्या बदलल्या, शेवटचा टप्पा टेम्पोत बटाट्यांच्या पोत्यांवर बसून काढला, आणि सगळा वेळ मोठी दुर्बीण तान्ह्या बाळासारखी मांडीवर. टेम्पोवाल्याने विचारलं, बाई, एवढं जपून काय नेताय. मी म्हटलं, डोळे. त्यानंतर बिचाऱ्याने टेम्पो एकदम हळू चालवला.

घर मला पाहताक्षणी आवडलं. दोन खोल्या, लोखंडी खाट, टेबल, आणि समोर ऐसपैस खिडकी. घरामागे गोड्या पाण्याची दलदल, घरापुढे मातीचा बांध, बांधापलीकडे मैलभर चिखल आणि मग समुद्र. म्हणजे अंथरुणातून न उठता दोन्हीकडचे पक्षी दिसतात. आळशी बाईला आणखी काय हवं?

वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून पोरांचे दाखले लिहिले. आता तीन महिने बिनपगारी रजा आणि हिवाळी पक्षीगणना. निघताना आमचे हे म्हणाले, इतकी वर्षं पोरं मोजलीस, आता पक्षी मोज, फरक काय, दोन्ही एका जागी उभे राहत नाहीत. लेक मात्र रुसली होती. अकरा वर्षांची आहे. जन्मली तेव्हा दवाखान्याचे तिन्ही मजले जागे झाले म्हणून तिला घरात सगळे टिटवीच म्हणतात. अजूनही हळू बोलणं तिला जमत नाही. तिला कबूल केलंय की सुट्टी लागली की अठ्ठावीस तारखेला तू आणि बाबा इकडे या, झोपलेले पक्षी अगदी जवळून दाखवते, एकही न उडवता. मग कुठे तिने धरून ठेवलेली माझी बॅग सोडली.

दारामागच्या खुंटीवर आधीच्या मोजणीदाराचा रेनकोट आहे, खाली त्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट. तीन हिवाळे होता, मग कोणाला न सांगता निघून गेला म्हणे. वेंधळाच दिसतो. अशा चिखलाच्या जागेहून कोणी बूट विसरतं का? भिंतीवर त्याचा फोटो आहे. गळ्यात लाल मफलर, आणि खांद्यावर चक्क एक जिवंत तुतवार बसलाय. किनाऱ्यावरचा इतका बुजरा पक्षी, आणि याच्या खांद्यावर! मला त्याचा खरोखर हेवा वाटला.

५ डिसेंबर

आज पहिली मोजणी. पद्धत सोपी आहे. भरती चढली की सगळा चिखल बुडतो, उरतो फक्त मधला एक लांबट उंचवटा, बांधापासून तीनशे पावलांवर. तिथवर एक चिंचोळी वाट जाते, तिच्यावर फार तर घोटाभर पाणी येतं. दिवसभर चिखलात चोची खुपसत हिंडणारे सगळे पक्षी भरतीला त्या उंचवट्यावर जमतात आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून डुलक्या काढतात. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, नाहीतर पिसं विस्कटतात. शाळेच्या प्रार्थनेला रांगा लागाव्यात तसे. तेव्हाच मोजायचं, बांधावरून, डावीकडून उजवीकडे, दहादहाचे गट करून.

तुतवार अकराशे चाळीस. चिखल्या सहाशे वीस. कुरव दोनशेपाच. राखी बगळे नऊ. शेकाट्या अडतीस, त्यांच्या त्या गुलाबी काटकुळ्या पायांवर. जीव हरखून गेला माझा. उंचवट्याच्या पार टोकाला पाच खुंट रोवलेले दिसतात, जाळी बांधायचे असतील पूर्वीचे. गंमत म्हणजे आधीच्याच्या नोंदवहीत पहिल्या पानावर लिहिलंय, टोकाला खुंट चार. त्याला मोजता येत नव्हतं की मला, देव जाणे.

त्याच्या वहीत एक वेगळा रकाना आहे. माणूस चालत जवळ गेला की थवा किती पावलांवर उठतो, ते अंतर. पहिल्या हिवाळ्यात सगळीकडे साठ. पुढे बावन्न, एकेचाळीस, तीस. शेवटच्या पानावर नऊ, चार, शून्य. मग कोरी पानं. शून्य म्हणजे थव्याच्या मधोमध उभा राहिला असणार आणि एक पक्षी हलला नाही. साधू होता का हा? संध्याकाळी मीही वाटेने चालत गेले. बरोब्बर साठाव्या पावलाला सगळा थवा भर्रकन उठला. ठीक आहे. मी पण चिवट आहे.

७ डिसेंबर

आज डोकं फिरलं माझं. सकाळी भरती उतरायला लागली तशा शिंपल्या वेचणाऱ्या सात-आठ बायका बांधावर आल्या. बांधाच्या फाटकाला एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे, आत खडे. एकीने तो काढून असा काही खुळखुळवला की उंचवट्यावरचे दोन हजार पक्षी एकदम उठले. ते लांब गेल्यावर मगच या बयांनी चिखलात पाऊल टाकलं. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. हजारो मैल उडून आलेले जीव ते, दोन घटका डोळा लागलेला, आणि यांचा खुळखुळा!

मी फाटकावर जाऊन त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. थंडीत पक्ष्याला एकदा फुकट उडवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं, हे समजावून सांगितलं. मग मी तो डबा काढला आणि मागच्या दलदलीत भिरकावून दिला. फाटकाची एक फळी घासूनपुसून तिच्यावर माझ्या शाळेतल्या ठळक अक्षरात रंगवलं, आवाज करू नका, पक्षी झोपले आहेत. खाली एक चिमणी पण काढली, ओठांवर बोट ठेवलेली. चिमणीला ओठ नसतात, बोटही नसतं, पण लोकांना कळल्याशी कारण.

संध्याकाळी दुकानवाल्या मावशी आल्या. त्यांचं किराणाचं दुकान रस्त्याच्या वळणावर आहे, गावातला एकुलता फोन तिथेच. साठीच्या पुढच्या, अंगाने सुकलेल्या, बोलणं मोजकं. फळी वाचली, मला म्हणाल्या, "पोरी, डबा कुठे टाकलास तो शोध. इथे पक्षी उठवल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही."

का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, ते तुला बघून उठतात तोवर तू माणसांतली. मला हसूच आलं. त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही, जाताना फाटक मात्र नीट लावून गेल्या.

१० डिसेंबर

अठ्ठेचाळीस पावलं. पायांत बूट नकोत, हात अंगालगत, नजर खाली, पाऊल आधी टाच मग बोटं. मी तर म्हणते कलाच आहे ही. शिंपल्यांच्या बायका परवापासून फिरकल्या नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

१३ डिसेंबर

तेहतीस. सुरय पक्षी तर मान वर करूनही बघत नाहीत आता. आनंदाने जेवण गेलं नाही. घरी फोन करून सांगितलं. टिटवीने पलीकडून अशी किंकाळी फोडली की मावशींनी वजनाचं माप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिला सांगितलं, इथे आलीस की मात्र एक अक्षर ओरडायचं नाही, मी फळी लावलीय. ती म्हणाली, आई, मी इतकी गप्प बसेन की तू मलाच शोधत बसशील.

१५ डिसेंबर

एकवीस पावलं. एक छोटी गोष्ट लिहून ठेवते. अंगणात टिटव्यांची एक जोडी राहते, खऱ्या टिटव्यांची. आल्या दिवसापासून मी दार उघडलं की दोघी डोक्यावर घिरट्या घालून बोंब मारायच्या, जणू मी त्यांचं दुकान लुटायला निघाले. आज दार उघडलं, बादली आपटली, कपडे झटकले. गप्प. माझ्या पायाजवळून चालत गेल्या. ओळख पटली म्हणायची. पण मावशी मीठ द्यायला आल्या तर त्यांच्यावर अशा तुटून पडल्या की त्या बिचाऱ्या पदर डोक्यावर घेऊन परतल्या.

त्यांनी जाता जाता मागे वळून आधी टिटव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांची ती नजर मला आवडली नाही.

१६ डिसेंबर

दुपारी भरतीला मोजत होते. आठवडाभर समुद्रावरून येणारा वारा अचानक पडला आणि दहा मिनिटांत उलटा, जमिनीकडून सुटला. सगळे पक्षी वळले. हे नेहमीचंच. एका पायावर छोट्या उड्या मारत तोंड फिरवतात, मजा वाटते बघायला.

खुंटही वळले.

मी दुर्बिणीची काच पुसली. पुन्हा पाहिलं. आतापर्यंत त्यांच्या पाठी दिसत होत्या, म्हणून मला ते खुंट वाटले. माणसाच्या उंचीचे. खांदे वर चढलेले, डोकं खाली, छातीत खुपसलेलं. एक पाय जमिनीवर, दुसरा पोटाशी घेतलेला. पाचव्याच्या गळ्यात काहीतरी लाल होतं.

मोजणी अर्धी टाकून घरात आले. कडी लावून बसले. आता हसू येतंय, पण ते खोटं आहे हे मला माहीत आहे.

१७ डिसेंबर

मावशींकडे गेले. आज हसले नाही. दुर्बीण सोबत नेली होती, त्यांनी डोळा लावायला नकार दिला. मला कशाला दाखवतेस, म्हणाल्या, त्यांतले तिसरे माझे हे आहेत.

त्यांनी सगळं सांगितलं, पीठ चाळता चाळता, खाली मान घालून. त्यांच्या यजमानांना पक्ष्यांचं वेड. डबा न वाजवता जायचे, कोणाचं ऐकायचे नाहीत. अंतर कमी होत गेलं. जितके पक्षी जवळ येऊ देतात तितकं माणूस सुटत जातं, आणि शून्य झालं की संपलं. एका भरतीला ते परतलेच नाहीत. मावशी त्यांना आणायला वाटेने गेल्या. हाका मारल्या नाहीत, बुजतील म्हणून. थवा हलला नाही. चाळीस, तीस, वीस. मावशी बारा पावलांवर पोहोचल्या तेव्हा यजमानांनी मान वर केली, बायकोकडे पाहिलं आणि उठले. सगळ्यांच्या आधी. त्यांच्यामागे सगळा थवा. पुढच्या हिवाळ्यात थव्याबरोबर आले, पण ओळख नाही.

"तीस वर्षांचा संसार," मावशी म्हणाल्या. "आणि मला बघून घाबरले गं. मला." तेवढ्यात पिठात दोन थेंब पडले.

मी विचारलं, मी कितीवर आहे असं वाटतं तुम्हाला. म्हणाल्या, ते तुझ्या वहीत असेल.

काल सकाळी चालत गेले तेव्हा सोळा होती.

१८ डिसेंबर

दिवसभर दलदलीत डबा शोधला. कमरेपर्यंत पाण्यात. नाही सापडला. थापट्या बदकं माझ्या आजूबाजूला पोहत होती, एकाने माझ्या मनगटावर चोच घासली. दुसरा डबा घेतला, तेलाचा, रिकामा. त्यात खडे भरून वाजवायला गेले आणि पहिल्याच आवाजाला माझ्या हातून तो सुटला. छाती इतकी धडधडायला लागली की खाली बसावं लागलं. माझ्याच हातातला डबा.

निघायचं ठरवलंय. उद्या सकाळच्या टेम्पोने.

१९ डिसेंबर

नाही जमलं. बॅग घेऊन वळणावर उभी होते. टेम्पो दिसला, त्याने हॉर्न दिला. पुढचं आठवतं ते असं, की मी बांधाच्या या बाजूला धापा टाकत उभी, बॅग रस्त्यावर, चप्पल एकच. टेम्पोवाला हाका मारत चालत आला. तो जवळ येतोय तसे माझे पाय मागे. त्याने हात जोडले आणि गेला.

चालत जाईन म्हटलं. निघालेसुद्धा. मग भरती लागली. ती मला आता घड्याळ न बघता कळते, पोटात कळते. पाय वळले.

२१ डिसेंबर

सकाळी जाग आली तेव्हा मी उभीच होते. खाटेशेजारी. एका पायावर. तोंड खिडकीच्या फटीकडे, जिथून वारा येतो.

मावशींच्या फोनवरून घरी फोन केला. यांना सांगितलं, येऊ नका. अठ्ठावीसला येऊ नका, कधीच येऊ नका. हे हसले. म्हणाले, काय गं, कोणाशी भांडलीस का तिथे? मी म्हटलं, माझी शपथ आहे, पोरीला इकडे आणू नका. हे म्हणाले, काही ऐकू येत नाहीये, नुसती शिट्टी वाजतेय, फोन खराब आहे बहुतेक. मी ओरडून सांगत होते. मावशी बाजूला उभ्या होत्या, त्यांना विचारलं, मी बोलतेय ना? त्यांनी मान हलवली. धड हो अशी नाही, धड नाही अशीही नाही.

मग टिटवीने फोन घेतला आणि तिच्या त्या आवाजात हाक मारली, आई!

मी फोन टाकला. दुकानाबाहेर पळाले. मागे न बघता. बांधापर्यंत. मला माझ्या लेकीच्या आवाजाची भीती वाटली. हे मी लिहितेय, कारण उद्या कदाचित मला यात काही चुकीचं वाटणार नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीचा आवाज, आणि मी पळाले. रडत होते, पण पळत होते.

मावशींनी मागाहून यांच्याशी बोलणं केलं म्हणे. सांगितलं, बाई आजारी आहे, येऊ नका. झालं, आजारी म्हटल्यावर हे थांबतात होय.

२३ डिसेंबर

चार.

मी गेले नव्हते. भरतीला खिडकीत उभी होते, मग एकदम तिथे. पायांना गार लागलं तेव्हा कळलं. तुतवार माझ्या सावलीत उभे. एकाने खांद्यावर बसून पिसं साफ केली.

वाईट वाटलं नाही. तेच वाईट आहे.

परत यायला पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं. पाय आपले ऐकत नाहीत. थवा हलला तर हलतात.

२४ डिसेंबर

मावशींना किल्ली दिली. बाहेरून कुलूप घाला म्हटलं, निदान म्हटलं असं मला वाटतंय, हातवारे केले. त्यांनी घातलं. भरतीला खिडकीची काच फुटली. हाताला लागलंय. दुखत नाही.

ही वही आणि पेन्सिल गळ्यात बांधून घेतलीय. मोजणीदार आहे मी. जिथे असेन तिथून नोंद करीन. तेवढंच माझं राहिलंय.

२६ डिसेंबर

मावशी बांधावरून ताट आणि उलथनं घेऊन आल्या. मला परत माणसांत आणायला. वाटेवर येऊन जोरात बडवलं. थवा उठला आणि मीही — किती लांब ते नीट नाही सांगता येत. पाण्यापलीकडे होते. मावशी तिथे लहानशा दिसत होत्या. ताट हातात तसंच.

भीती वाटली की पाय सुटतात. बाकी कशाने नाही. पाय आता फक्त भीतीचं ऐकतात.

संध्याकाळी घरात होते. कशी आले माहीत नाही. मावशींनी दारातून, लांबूनच सांगितलं. त्यांनी सगळं नीट, सावकाश सांगितलं. पुढच्या वेळी अशी उठलीस की परत यायची नाहीस. आणि आजच्यानंतर जो माणूस तुझ्याकडे चालत येईल त्याला थव्याने जवळ येऊ दिलं तर तोही — शून्यापर्यंत आला तर —

माझ्या लेकीला नाही. माझ्या लेकीला नाही.

२७ डिसेंबर

मावशी म्हणाल्या, ते निघालेत. गाडी मिळाली म्हणून फोन आला होता. मावशी वळणावर उभ्या राहणार आहेत. टेम्पो थांबवतील. शपथ घेतली त्यांनी.

फळी काढून टाका, हे सांगायचं राहिलं. ते त्यांना सांगायला गेले तर शिट्टी. वहीत लिहून दाखवावं म्हणून पाठीमागे गेले तर त्या वळल्या आणि मी —

साठ पावलं मागे.

अंगणातली जोडी माझ्याजवळ येऊन झोपली.

२८ डिसेंबर

उंचवट्यावर. सकाळपासून. वारा समुद्रावरून, जोराचा. सगळे त्याच्याकडे तोंड करून. मी मान वळवून बांधाकडे बघतेय, मान दुखते, तरी बघतेय.

तुतवार नऊशे. चिखल्या पाचशे. कुरव मोजले नाहीत. खुंट पाच. आणि मी.

लाल मफलरवाला माझ्या शेजारी. डोळे उघडे आहेत त्याचे.

*

टेम्पो थांबला. वळणावर. मावशी दिसतात. हे दिसतात, गुडघ्यावर हात ठेवून उतरले. मावशी त्यांना काही सांगतायत. सामान खाली. थांबले. देवा, थांबले.

पोर कुठे —

*

बांधावर. निळा स्वेटर. मीच विणलेला.

मला बघितलं तिने. हात हलवते. फाटक उघडलं.

ओरड. तुला ओरडायची सवय आहे ना. एक हाक मार. मी उठेन, सगळे उठतील, तू घाबरून माघारी पळशील.

फळी वाचतेय.

वाचून झाली. ओठांवर बोट ठेवलं. माझ्या चिमणीसारखं.

बूट काढून फाटकाशी ठेवले. टाच आधी, मग बोटं. फोनवर मीच शिकवलं होतं.

*

दोनशे. मावशी ताट बडवतायत बांधावर. हात दिसतो. ऐकू येत नाही, वारा उलटा आहे. हे मागून पळतायत, पडले, उठले. यांचा गुडघा.

शंभर. जा गं. जा म्हणतेय. शिट्टीच वाजते. ती हसली. तिला वाटलं पक्षी.

साठ.

उठा.

कोणी उठत नाही. अरे उठा ना. एकाने मान वर केली, परत खाली. पन्नास. हिला येऊ देतायत.

*

एक जण उठला की सगळे उठतात. मीच उठायला हवं. सगळ्यांत आधी. पाय सुटत नाहीत. भीती हवी. हिची. हिची कशी भीती वाटणार मला. केसात चिमटा उलटा लावलाय नेहमीसारखा.

चाळीस.

मावशी, तुमचे हे तुम्हाला घाबरले नव्हते हो. त्यांना घाबरावं लागलं. बारा पावलं उरली होती तुमची. तुमच्यासाठी घाबरले ते. कोणीतरी हे मावशींना सांगा. वही सापडली तर सांगा.

तीस. मी घाबरतेय. ही माणूस आहे. माणूस येतोय. मोठा आहे, दोन पायांवर. घाबर. घाबर गं.

पंचवीस. सुळा पडलाय वरचा. मला सांगितलं नाही कोणी.

वीस. नाही होत.

अठरा. तुतवारांनी तिच्यासाठी जागा केली.

पंधरा. तिने माझा पोटाशी घेतलेला पाय पाहिला. थांबली. बोट ओठांवरून खाली आलं.

तोंड उघडतेय. श्वास घेतला. येतेय हाक. ओरड, टिटवे, माझ्या बाळा, ओर —